मुठीतला अंगठा

तुम्ही गेल्याला अजून महिना झाला नाही, आणि मी तुमच्यावर संशय घ्यायचं काही सोडलेलं नाही. आधीच सांगून ठेवते. माणूस गेला की त्याचं सगळं चांगलंच आठवावं म्हणतात. म्हणोत बापडे. मला नाही जमत.

मधू ड्रायव्हर परवा आला होता. डेपोत तुमची शोकसभा ठेवलीय, तिथे वाचायला चार ओळी लिहून द्या म्हणाला. "वयनी, तुम्ही बालवाडीच्या बाई, तुम्हाला काय कठीण? अंताच्या कुस्त्या लिहा, कप लिहा." इतकी वर्षं तुमच्याच गाडीवर ड्रायव्हर, तरी बॉक्सिंगला कुस्तीच म्हणतो मेला. बसले मी लिहायला. पण कपांविषयी काही सुचेना. कप फळीवर आहेत, एकात सुपाऱ्या आणि एकात माझ्या पिना. ज्याला बघायचेत त्याने येऊन बघावेत. मला तुमच्याशीच बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची पद्धत मला पहिल्यापासूनच पसंत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. आता हृदय थांबल्याशिवाय कोण मरतो का? तुम्ही पावसची दुपारची एसटी करून आलात, खाकी शर्ट खुंटीला लावलात, ताक मागितलंत. मी ताक घेऊन येईस्तोवर पडवीत आडवे झाला होतात, ते उठलाच नाहीत. मला विचाराल तर हे दुखणं त्या दिवशीचं नव्हतंच. ते मुंबईच्या त्या दिव्यांखाली, दोरांच्या आत, फार आधी सुरू झालेलं होतं. पण मला कोण विचारतो? सासूबाई आधी गेल्या ते बरं झालं, एवढंच आलेला प्रत्येकजण म्हणत होता.

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा एसटीत कंडक्टर आहे, परमनंट. बॉक्सिंगचं अक्षर नाही. "त्याला जरा व्यायामाची आवड आहे," सासूबाई म्हणाल्या होत्या. आवड! अंगावरची हळद उतरली नव्हती माझ्या, तोवर तुम्ही ओठ फाटून घरी आलात. मला पहिला संशय आला तो दारूचा. जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला तर वास आला निलगिरीच्या तेलाचा. मग तुम्ही खाली मान घालून सगळं सांगितलंत. पोरवयात मुंबईला मामाकडे असताना माझगावच्या एका वस्तादाने हातात ग्लोव्हज घातले, ते काही सुटले नाहीत. नोकरी रत्नागिरीत मिळाली, पण अधूनमधून ड्युटी बदलून घ्यायची आणि मुंबईला जाऊन तिकीट लावलेल्या लढतीत लढायचं. तिकडे लोक तिकीट काढून तुम्हाला बघायचे आणि इकडे तुम्ही लोकांची तिकिटं फाडायचात.

फणसाच्या फांदीला तुम्ही कोंडा भरलेली गोण टांगलीत. पहाटे भाट्याच्या पुळणीवर धावून आलात की धाड धाड धाड. त्या वर्षी फणस धरला नाही. "मारून मारून झाड वांझ केलंन या मेल्याने," सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या. एकदा मुंबईहून तुमची पिवळ्या कागदावरची जाहिरात आली, त्यावर नाव छापलेलं, 'रत्नागिरी एक्स्प्रेस'. आख्ख्या डेपोत हसू पिकलं. इथे रेल्वे येणार येणार म्हणून नुसतं ऐकत आलोय, रुळाचा पत्ता नाही, आणि आमचा कंडक्टर एक्स्प्रेस! मधू म्हणाला, "एक्स्प्रेस कसली? हात दाखवला की थांबतो हा."

डोळा सुजवून ड्युटीवर गेलात की भाट्याच्या कोळणी पाट्या चढवता चढवता विचारायच्या, "काय ओ मास्तर, बायकोन मारलान काय?" तुम्ही गंभीर तोंड करून म्हणायचात, "व्हय. आमटीत मीठ कमी बोललो म्हणून." त्या बायका बाजारात भेटल्या की माझ्या हातांकडे बघायच्या. मला राग यायचा आणि हसूही यायचं. घरी आल्यावर तुम्ही मीठ घातलेल्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचात आणि मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडायची. बोटं कसली, आल्याचे गड्डे झालेले असायचे. त्याच बोटांनी तुम्ही माझ्या पायातला काटा काढलात, आणि मला तो निघाल्याचं कळलंही नाही. हे डेपोच्या सभेत कोण सांगणार? म्हणून मी इथे लिहिते. तुमच्या हातांएवढं मला तुमचं काहीच आवडलं नाही.

आणि त्याच हातांनी तुम्ही पकडले जायचात.

आपली नंदा चार पावलं चालायला लागली तशी तुम्ही तिला मूठ वळायला शिकवलीत. "अंगठा बाहेर. आत ठेवलास तर पहिल्याच ठोशाला मोडेल." पुन्हा पुन्हा तिचा तो इवलासा अंगठा बाहेर काढत होतात. आणि स्वतः मात्र खोटं बोललात की तुमचा अंगठा हळूच मुठीत शिरायचा, खेकडा बिळात शिरतो तसा. पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं ते सासूबाईंसमोर. "चिपळूणला डबल ड्युटी आहे," म्हणालात आणि निघालात मुंबईला लढायला. त्यांना कळलं नाही. मी मात्र तुमच्या हाताकडे बघत होते. मग मी मुद्दाम परीक्षा घ्यायला लागले. आमटी कशी झालीय? "बरी झालीय." अंगठा आत. माझ्या माहेरची माणसं आवडतात ना तुम्हाला? "न आवडायला काय झालं?" दोन्ही अंगठे आत!

हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही खिशात हात घालून खोटं बोलायला शिकला असतात. स्वभाव माझा संशयी, माहेरपासूनचा. माझी आई म्हणायची, हिला दूध दिलं तर ही आधी गवळ्याचं तोंड बघेल. पण एक सांगते, तुमच्या त्या अंगठ्यामुळेच मी तुमच्याबरोबर निर्धास्त राहिले. दुसऱ्या बायकांना रात्रंदिवस विचार करावा लागतो. मला नुसतं बघावं लागायचं.

मग तो पांढऱ्या बुटांचा माणूस आला. आंबे संपत आले होते. तुमच्या लढती ठरवणारा म्हणे, मुंबईहून मुद्दाम आला, आपल्या पडवीत बसून सुरमईच्या तुकड्यांवर तुकडे खाल्ले, आणि हात धुतल्यावर तुमचा खांदा दाबून बघितला. बाजारात आंबा दाबून बघतात तसा. एक मोठी लढत आहे म्हणाला, समोर तरणा पोरगा आहे, जिंकलास तर परदेशात लढायला नेतो. मधूने तर लगेच आरोळी ठोकली. डेपोची गाडी भरून मुंबईला जायचं ठरलं, कोण वडे घेणार तेसुद्धा ठरलं. सगळी वाडी तुमच्या अंगावरून हात फिरवून गेली. तुम्ही हसत होतात. मी तुमच्या हातांकडे बघितलं. मधूने विचारलं, "खूश ना अंता?" तुम्ही म्हणालात, "म्हणजे काय!" आणि अंगठा आत गेला.

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याआधी काही दिवस गोळपची सुमन मला बाजारात म्हणाली होती, "बाई, मास्तरांना बरं नाय काय? गाडी गोळपाला आली तरी भाट्ये, भाट्ये म्हणून ओरडत होते." तुम्ही, आणि थांबा चुकलात! झोपेत सगळे थांबे ओळीने म्हणणारा माणूस! घरीही एकाच सकाळी मला परत परत विचारलंत, नंदा शाळेत गेली का. नंदा तुमच्यासमोर बसून भाकरी खात होती. मी विचारलं, डोकं दुखतं का हो? "छे." अंगठा आत. मग मी विचारायचं थांबवलं आणि वाट बघत बसले. कधीतरी आपणहून म्हणाल, मला भीती वाटते गो. एवढंच. मी काय जगाला सांगत सुटले असते?

आपल्या वाडीत मोठं काही करायचं तर देवीला विचारल्याशिवाय होत नाही. विहीर खणायची, पोरगी द्यायची, पोरगा दुबईला पाठवायचा, आधी कौल. सासूबाईंनी धरूनच ठेवलं, कौल घेतल्याशिवाय मुंबईला जायचं नाही. मधू म्हणाला, घ्या की, देवी काय आपल्या रत्नागिरीच्या विरुद्ध जाईल? देवळात ही गर्दी. गुरवकाकांनी ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, हा तुझा लेकरू मुंबईक लढायला जातोय, जायची आज्ञा असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!"

मी म्हणाले नाही. मी गुरवकाकांच्या बोटांकडे बघत होते. माझा त्या कौलावर कधीच पुरता विश्वास नव्हता, तुम्हाला ठाऊक आहे. ज्या पाकळीला पाणी कमी ती आधी सुकणार, आधी सुटणार. हे माझ्या बालवाडीतलं पोरही सांगेल. सगळ्यांचे डोळे देवीच्या खांद्यांवर. आणि डावी पाकळी सुटली. अशी पटकन सुटली की मधूच्या तोंडून "अरे!" निघालं आणि तो पायरीवर मटकन बसला. सासूबाई रडायलाच लागल्या. "राखलंन गो, राखलंन माझ्या पोराला."

तुम्ही देवीला हात जोडलेत. मग वळलात. मधूकडे गेला नाहीत, आईकडेही नाही. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. म्हणालात, "देवीची इच्छा नाही. काय करणार?" दोन्ही मुठी पोटाजवळ धरलेल्या, दोन्ही अंगठे आत. एरवी क्षणभर जायचा आणि बाहेर यायचा. त्या दिवशी मात्र बराच वेळ तसेच. मला तर तिडीकच आली. खोटं बोलायचं ते बोलायचं, वर हात पुढे धरून बोलायचं? एवढी कसली शिरजोरी?

घरी आल्यावर मी विचारलंच. गुरवकाकांशी तुम्ही आधी काय बोललात? "काही नाही." मग डावी कशी पडली? "देवीला विचार." मला खरं सांगा. "तुला सांगितलं की गो." काय डोंबल सांगितलंत? "सांगितलं तुला." आणि तुम्ही डोळ्यांनी पलीकडे खूण केलीत. पलीकडे सासूबाई. आपली भिंत कुडाची, तिकडे सुपारी फुटली तरी इकडे ऐकू येते. मला वाटलं, आईचं निमित्त करून टाळताय. मी ताट वाढलं आणि बाहेर जाऊन बसले.

त्यानंतर तुम्ही कधी लढला नाहीत. पांढऱ्या बुटांचा माणूस पुन्हा फिरकला नाही. तुमच्या नावाला बट्टा लागला नाही, उलट मानच वाढला. देवीने अडवलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? मधू अजून सांगतो, अंता परदेशात गेला असता, पण देवीपुढे कुणाचं चाललंय? फणसाखालची गोण तशीच लोंबत राहिली. पावसाळ्यात तिच्यातल्या कोंड्यात राहिलेल्या दाण्यांना भाताचे कोंब फुटले, तेव्हा नंदाने ती सोडून टाकली. तुम्ही थांबे चुकत होतात ते हळूहळू कमी झालं. माझ्या जिवाला बरं वाटत होतं, ते मी नाकारत नाही. तुम्ही लढायला गेला नाहीत म्हणून मी देवीला गुपचूप ओटीसुद्धा भरली.

पण एक गोष्ट मनात सलत राहिली. कौल तुम्ही पाडून घेतलात याचं मला काही नव्हतं. उभ्या जगाला फसवलंत, बरं केलंत. सगळे खांद्यावर हात ठेवून तुम्हाला मरायला पाठवत होते. पण त्या दिवशी तुम्ही मलाही त्यांच्याच रांगेत उभं केलंत. मधूला जे सांगितलंत, आईला जे सांगितलंत, तेच मला. तुमची भीती सांगण्याजोगी मी नव्हते का? हे माझं भांडण. आपण अबोला धरला असं नाही. बाजार, नंदाचं शिक्षण, तुमचं ताक, सगळं चालूच होतं. पण मी तुमच्या हातांकडे बघायचं सोडलं. त्यात माझं काही चुकलं असं अजूनही म्हणणार नाही. ज्याने सांगायचं नाही असं ठरवलंय त्याच्याकडे काय बघायचं?

तुम्ही पडवीत निजलात त्या दिवशी मी ताकाचा गडू खाली ठेवला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तुमचा हात हातात घेतला. मूठ नव्हती. सगळी बोटं उघडी होती.

तर आता ऐका. बारावं झालं, पाहुणे गेले, आणि काल सकाळी गुरवकाका आले. कधी नाही ते एकटेच, काठी टेकत. पडवीत बसले, पाणी प्यायले, पण उठेनात. मला संशय आला, हा म्हातारा काहीतरी घेऊन आलाय.

"वयनी," शेवटी म्हणाले, "एक सांगायचं होतं. माझं पण आता काय खरं नाय. तो कौल होता ना, मुंबईचा. त्याच्या आदल्या सांजेला अंता माझ्याकडे आला होता."

मी सूप पुढ्यात ओढून तांदूळ निवडायला घेतले. बोलले असते तर ते थांबले असते.

"रडत होता हो. एवढा मोठा गडी. म्हणाला, काका, माझ्या डोक्यात कायतरी झालंय, मी रस्ता विसरतो. आता गेलो तर मी माघारी येणार नाय. पण नाय कसं म्हणू? सगळी वाडी निघालीय. देवीच्या तोंडून नाय म्हणून द्या."

"मग?" मी म्हटलं.

"मी म्हटलं, देवीच्या दारात असलं बोलू नको. घालवूनच दिला त्याला." काकांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "पण दुसऱ्या दिवशी पाकळ्या लावताना माझा हात… आता माझं मलाच ठाऊक नाय, वयनी. मी ठरवून काय केलं नाय. देवी जाणे."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. म्हणजे तुम्ही गेला असाल, रडलाही असाल. पण काका हे मला आत्ताच का सांगतात? गुरवाचं आयुष्य गेलंय समोरच्याला हवी ती पाकळी द्यायची यात. विधवा बाई दिसली, दिली उजवी. कडू लागणार नाही असंच काहीतरी सांगून जायचं. मी मुद्दामच विचारलं, "माझ्याविषयी काही बोलले का हो?" मनात म्हटलं, आता हा म्हातारा सांगणार, तुमची फार काळजी होती त्याला. मग मी ओळखणार.

"तुमच्याविषयी?" काका विचार करत बसले. "मी विचारलं त्याला, वयनींना सांगितलंस काय? तर म्हणाला, घरात तोंडाने बोलता येत नाय काका, आई लगेच ऐकते. मग दारातून परत वळला आणि कायतरी भलतंच बोलला. सगळ्यांना देवी सांगेल म्हणाला, तिला माझा अंगठा सांगेल. मुद्दाम समोर जाऊन सांगेन. तिला वाटतं मला ठाऊक नाय, पण ती बघते तिथे, पहिल्यापासून."

त्यांना खरोखरच काही कळलेलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"इतकी वर्षं मी विचार करतोय," काका म्हणाले. "अंगठा कसला ओ, वयनी?"

माझ्या त्या परीक्षांना तुम्ही मनातल्या मनात हसत होतात का? आमटीच्या वेळी, माहेरच्या माणसांच्या वेळी, तुम्ही मुद्दाम आत घालत होतात का? आता कुणाला विचारू? आणि देवळात, एवढ्या गर्दीत, मधूला सोडून, आईला सोडून, माझ्यासमोर येऊन दोन्ही मुठी धरून उभे राहिला होतात. तुला सांगितलं की गो, म्हणत होतात. सांगितलं तुला.

काका वाट बघत होते.

"काही नाही हो काका," मी म्हटलं. "असंच बोलले असतील."

ते मान हलवून उठले, काठी टेकत पायऱ्या उतरले. मी बघितलं तर पदराखाली माझाच अंगठा मुठीत होता.